रुमालाची झेरॉक्स

माझ्या दुकानात लोक आधारकार्डाची झेरॉक्स काढायला येतात, सातबाऱ्याची काढायला येतात, घरच्यांना कळू न देता कुंडलीची काढायलाही येतात. आपण काही विचारत नाही. पण दर शनिवारी सकाळी साडेआठला एक गृहस्थ रुमालाची झेरॉक्स काढायला येतात असं सांगितलं, तर तुम्ही माझ्याकडंच संशयानं बघाल.

रुमाल पांढरा, सुती, मध्यभागी काळसर झालेला. तो काचेवर ठेवायचा मान मला नाही. ते स्वतः चारही कोपरे ताणून ठेवतात, झाकण स्वतः लावतात, "दाब आता" म्हणतात आणि कागद बाहेर पडेपर्यंत मशीनच्या तोंडावरची नजर हलवत नाहीत. मग कागद आणि रुमाल शेजारीशेजारी धरून ताडून बघतात.

"वामन, तुह्या मशीननं डाग थोडा कमी दाखवला नाई का?"

"मिस्त्री, मशीन हाये ते. वकील नाई."

"मी पायल्याबिगर मानत नाई," असं म्हणून ते पुन्हा एकदा ताडून बघतात. मग कागद आणि रुमाल एका कापडी पिशवीत घालतात, पिशवी छातीशी धरतात आणि लाखांदूरकडं जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये बसून निघून जातात.

हे शालिकराम मिस्त्री. आमचं गाव साकोलीहून लाखांदूरकडं निघालं की मध्ये लागतं. चहूकडं धानाची बांधी म्हणजे भातखाचरं, हायवे लांब, आणि गावाची म्हणून जी काही शान आहे ती बसगाड्यांच्या आवाराची. त्या आवारात मिस्त्रींनी सगळी नोकरी काढली. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले, पण आवाराच्या भिंतीला लागूनच घर असल्यामुळं नोकरी सुटली ती कागदावरच.

त्यांचं हत्यार म्हणजे एक लांब पेचकस, स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि आतलं दुखणं ऐकायचं. पुढं पुढं ही सवय इंजिनापुरती राहिली नाही. लग्नाच्या मांडवातला जनरेटर, पिठाची चक्की, सरपंचांचा नवा फ्रिज, सगळ्यांना त्यांनी पेचकस लावून ऐकलं आहे. एकदा माझ्या झेरॉक्स मशीनला लावला. "याच्या पोटात एक दात हलून राह्यला," म्हणाले. मी हसलो. तिसऱ्या दिवशी मशीन बंद पडलं आणि नागपूरहून आलेल्या माणसानं आतून एक तुटलेलं दातेरी चाक काढून माझ्या हातावर ठेवलं. तेव्हापासून मी हसत नाही. गावही हसत नाही. मिस्त्रींनी एखाद्या वस्तूबद्दल नाक मुरडलं की आमच्याकडं त्या वस्तूचं काही खरं नसतं.

त्यांच्या घरचं एक कोडं होतं. त्यांच्या पत्नी अनसूयावहिनी दोन वर्षांपासून लाखांदूरच्या पलीकडच्या खेड्यात भावाकडं राहत होत्या. कुणी विचारलं तर मिस्त्री म्हणायचे, "तिले तिथं बरं वाटते." एवढंच. आता एवढ्या उत्तरावर कुठल्या गावाचं समाधान होतं? कुणी म्हणे शेताच्या वाटणीवरून भांडण झालं. कुणी म्हणे मिस्त्रींनी वहिनींच्या छातीलाही पेचकस लावला असणार, बाई किती दिवस सहन करेल. मी स्वतः असं काही बोललो नाही, पण ऐकून घेत होतो.

मग आवारात विजेच्या बसा आल्या. चार. हिरव्या-पांढऱ्या, बुटक्या नाकाच्या, एसी असलेल्या. डिझेलच्या गाड्या साकोलीकडं हलवल्या आणि भिंतीजवळच्या त्यांच्या जागेवर चार्जिंगची कपाटं उभी राहिली. गावात हार-तुरे झाले. माझ्या घरात जास्तच झाले, कारण आमच्या प्रणालीला तिथं नोकरी लागली. आयटीआय करून पोरगी दोन वर्षं नागपूरला एका कारखान्यात होती, चौघींत एक खोली आणि डब्याचं जेवण. आता घरी जेवून, सायकलनं पाच मिनिटांत कामावर. अंगात निळा कोट, हातात रबरी मोजे. आसपासच्या खेड्यांतल्या दोघी बाया गाडी चालवायला शिकून ड्रायव्हर झाल्या. गावाला एवढं सुख एकदम मिळालं की संशय यावा.

तो मिस्त्रींना आला. पहिली बस उभी राहिली तेव्हा ते तिच्याभोवती तीन चकरा मारून मागं गेले, वाकले, पार आडवे झाले आणि खालून त्यांचा आवाज आला.

"धूर कुठी गेला?"

"याले धूरच नाई काका," प्रणाली म्हणाली.

"असं कसं? पेटल्याबिगर चालते का काई? कुठी तरी साठवून ठेवत असन." त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढून बसचा मागचा भाग, चाकांच्या वरचा पत्रा, सगळं पुसून बघितलं. मग पेचकस लावून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. उठले तेव्हा चेहरा पडलेला. "आवाज नाई, वास नाई, धूर नाई. जे आपलं काईच दाखवत नाई, त्याच्यावर भरवसा कसा ठेवाचा?"

मग रोजची उलटतपासणी सुरू झाली. वीज कुठून येते? बॅटरी म्हातारी झाल्यावर कुठी टाकता? प्रणालीही माझीच पोरगी, ती खोटं बोलत नाही. तिनं कोळशाचंही सांगून टाकलं. म्हणाली, "वीज तयार होते तिथं कोरसा जरते काका. तिथं धूर हाये. इथं नाई."

मिस्त्री तिच्याजवळ सरकले. मग हळू विचारलं, "इथं नाई? या भिंतीपाशी?"

"नाई."

"नक्की?"

"नक्की."

"मंग रुमाल काहून कारा होते?" असं पुटपुटत ते निघून गेले. प्रणालीनं घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा मला वाटलं, म्हातारा बसच्या बुडाखालचा चिखल पुसतो आणि त्याला धूर म्हणतो.

हे इथंच थांबलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. पण मिस्त्री रोज थांब्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागले, "चढाचं तर चढा बापा, पन ते गाडी खोटं बोलून राह्यली. धूर पोटात ठेवते. एका दिवशी काढन एकदम." दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर लोकांनी चहाबरोबर गिळून टाकलं असतं. पण हा माझ्या मशीनचा दात ओळखणारा माणूस. बाजाराच्या बाया जीपकडं वळल्या. मग त्यांचे नवरे वळले. थंडगार बस रिकामी आणि काळीपिवळीच्या टपावर माणसं, असं दृश्य दिसायला लागलं.

दिवाळीनंतर बस चालवणाऱ्या कंपनीचा साहेब आला. बसा अशाच रिकाम्या पळाल्या तर दोन दुसऱ्या मार्गावर नेऊ, असं त्यानं सांगितलं. दोन बसा गेल्या की माणसंही कमी, आणि शेवटी लागलेली माणसं आधी कमी. म्हणजे प्रणाली. पोरगी त्या रात्री जेवली नाही. म्हणाली, "बाबा, मी पुन्हा त्या खोलीत नाई जात."

माझा संताप झाला. आणि संतापलेल्या माणसाला सगळं कसं स्वच्छ जुळून येतं. मिस्त्री बसला नावं ठेवतात. स्वतः जीपनंच जातात. दर शनिवारी रुमालाची झेरॉक्स काढतात. म्हणजे पुरावा. जीपवाल्यांनी त्यांना हाताशी धरलंय आणि लाखांदूरला कुणा साहेबाकडं तक्रारीची फाइल जाडजूड होत चालली आहे, आणि तिचा एकेक कागद मी स्वतःच्या मशीनवर काढून देतोय. हा शोध लागल्यावर मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

पुढच्या शनिवारी झेरॉक्स काढून दिली, दुकान बायकोवर सोपवलं आणि जीपमध्ये मिस्त्रींच्या मागच्या बाकावर जाऊन बसलो.

"कुठी चालला, वामन?"

"कागद आणाले. तुमी?"

"मीबी," म्हणाले आणि पिशवी छातीशी जरा घट्ट धरली.

लाखांदूरला ते उतरले, मी उतरलो. ते कुठल्याच कचेरीकडं वळले नाहीत. बांधीच्या कडेनं खेड्याचा रस्ता धरला. मी अंतर ठेवून मागं. धान कापून झालेलं, लपायला काडी नाही, त्यामुळं त्यांनी एकदा जरी मागं बघितलं असतं तरी माझी शोभा झाली असती. पण ते भरभर चालत होते. नव्या नवरदेवासारखे, असं मनात आलं, आणि मीच ते झटकून टाकलं.

एका घराच्या ओसरीवर अनसूयावहिनी लाखोळीची डाळ निवडत बसल्या होत्या. मिस्त्रींना बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि चष्मा लावला. ना "या", ना "बसा". मिस्त्रींनी पिशवीतून रुमाल आणि कागद काढून समोर धरले. वहिनींनी रुमाल उजेडाकडं धरला, मग कागद बघितला, मग पुन्हा रुमाल.

"अजून कारा हाये," त्या म्हणाल्या.

"मांगच्यापरीस कमी हाये."

"कमी हाये. पन कारा हाये."

मिस्त्री ओसरीच्या पायरीवर बसले. मी कुडाच्या कुंपणाआड उभा होतो. आमच्याकडचे कुड विरळ असतात. वहिनींनी मला बघितलंच.

"वामनभाऊ, तिथं काहून उभे हा? या ना. चहा ठेवतो."

चोर पकडायला आलेला मी, चोरासारखा ओसरीवर जाऊन बसलो. चहा येईपर्यंत दोघांपैकी कुणी मला काही विचारलं नाही. त्यामुळं मीच सगळं ओकलो. जीपवाले, तक्रार, प्रणालीची नोकरी. मिस्त्री ऐकत राहिले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"तुले वाटलं मी पोरीच्या पोटावर उठलो?" ते म्हणाले. मग त्यांनी सांगितलं.

पहाटे इंजिनं गरम केल्याशिवाय गाडी काढायची नाही, हा मिस्त्रींचा स्वतःचा नियम. हिवाळ्यात पंधरा-पंधरा मिनिटं गाड्या भिंतीजवळ घरघरत उभ्या राहायच्या, शेपटं भिंतीकडं. भिंतीपलीकडं मिस्त्रींच्या घराची खिडकी, खिडकीशी वहिनींची खाट. वहिनी खोकायच्या. मिस्त्री म्हणायचे, धूर निघते मंजे गाडी जिवंत हाये. असं बरीच वर्षं चाललं. शेवटी भंडाऱ्याच्या डॉक्टरनं छातीचा फोटो बघून सांगितलं, यांना धुरापासून लांब न्या. भावाकडं आल्यावर महिन्याभरात खोकला थांबला.

"दोन खेपा घरी आनलं तिले," मिस्त्री म्हणाले. "दोनी खेपा आठवड्यात दवाखान्यात न्या लागलं. तिच्या छातीवर किती वेरा पायाचं? मंग दर आठवड्याले रुमाल धुवून ओला खिडकीत टांगाले लागलो. जे तिच्या छातीत जाईन ते पयले रुमालात जाईन. रुमाल पांढरा राह्यला का तिले नेईन."

"आन झेरॉक्स?"

"मीच मनलं," वहिनी म्हणाल्या. "जीपमधी रुमालाले धूर लागत असन का नाई? घरचा किती आन वाटेतला किती, कसं समजन?" संशयाच्या बाबतीत दोघं एकमेकांना शोभून दिसत होते.

"आता डिझेलच्या गाड्या गेल्या," मिस्त्री म्हणाले. "तुही पोरगी मनते धूर नाई. कंपनी मनते धूर नाई. रुमाल मनते हाये. मी कोनाचं मानू? पोरीचं मानून हिले नेलं आन..." वहिनींनी सूप पुढं ओढलं.

निघताना वहिनी मला कुडापर्यंत सोडायला आल्या. हळूच म्हणाल्या, "इथं दम लागत नाई, वामनभाऊ. पन करमतबी नाई." परतीच्या जीपमध्ये मी मिस्त्रींच्या शेजारी बसलो. त्यांच्याकडं बघायची मला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला प्रणालीला घेऊन त्यांच्या परसात गेलो. खिडकीत ओला रुमाल लटकत होता. आणि खिडकीच्या बरोबर खाली, हातभर अंतरावर, मिस्त्री उकिडवे बसून फुंकणीनं धानाच्या भुशाची शेगडी फुंकत होते. वर आंघोळीच्या पाण्याचा हंडा. भुसा ओलसर असावा. धुराचा लोट सरळ वर जाऊन रुमालाला भेटत होता.

प्रणाली पुढं झाली. "काका, हे काय करून राह्यले?"

"पानी तापवून राह्यलो."

"आन हा धूर?"

"हा कायचा धूर?" मिस्त्री म्हणाले. "हा तर घरचा हाये."

मला हसू फुटणार होतं, पण पोरीचा चेहरा बघून आवरलं. तिनं खिशातून स्वतःचा रुमाल काढला, आवाराच्या भिंतीवर चढून तो पलीकडं, चार्जिंगच्या कपाटाला बांधला. म्हणाली, "हा उद्या पाहा. तोवर हे शेगडी पेटवू नका."

दुसऱ्या दिवशी तो रुमाल मिस्त्रींच्या हातात होता. थोडी धूळ. काळं काही नाही. त्यांनी तो उलटा करून बघितला, वास घेतला, डोळ्यांजवळ नेला. मग विझलेल्या शेगडीशी बसले आणि बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले. सगळ्या गावाच्या यंत्रांची पोटं तपासलेला माणूस. ही शेगडी लग्नापासून तिथंच होती. वहिनी पहाटे उठून हीच फुंकायच्या, मिस्त्रींना कामावर गरम पाण्यानं आंघोळ करून जाता यावं म्हणून.

"मंजे इकडून मी, तिकडूनबी मीच," ते म्हणाले. "आन मी गाडीले खोटं मनलं."

"दोनी होतं काका," प्रणाली म्हणाली. "पलीकडचा गेला. अलीकडचा तुमच्या हातात हाये."

त्यांनी हंड्यातलं पाणी शेगडीवर ओतलं.

पौष महिना होता. आमच्याकडं पौषात विहिरीजवळ कपडे वाळत घातले तर कडक होतात, असं लोक सांगतात, आणि मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. त्या थंडीत मिस्त्री रोज सकाळी उघड्यावर गार पाण्यानं आंघोळ करू लागले. पहिला तांब्या अंगावर पडला की आमच्या दुकानापर्यंत आवाज यायचा. मी म्हणालो, "मिस्त्री, विजेवर पानी तापवाचं मशीन येते ना." तर म्हणाले, "ते मी अजून ऐकून पायलं नाई." लोकांना वाटलं, म्हातारपणी नवस बोलले असावेत. थांब्यावरचं त्यांचं बसविरोधी भाषणही बंद झालं होतं, पण बसमध्ये ते स्वतः काही चढत नव्हते. त्यामुळं लोकही अर्धवट, एक पाय बसकडं, एक जीपकडं.

शनिवार आला, रुमाल राखाडी. पुढचा शनिवार, फिकट. तिसऱ्या शनिवारी मिस्त्रींनी रुमाल काचेवर ताणून ठेवला, झाकण लावलं, "दाब आता" म्हणाले, आणि मशीनमधून कोरा कागद बाहेर आला. काठाच्या शिवणीची फिकट रेघ तेवढी.

मला वाटलं मशीन बिघडलं. मिस्त्रींनाही वाटलं असावं. त्यांनी पिशवीतून पेचकस काढला, टोक मशीनवर आणि मूठ कानाला लावून डोळे मिटले.

"मशीन बरोबर हाये," ते म्हणाले. "याच्यावर सही कर. तारीख टाक. तुही वहिनी मानत नाई बिनसहीचं."

एवढी वर्षं झेरॉक्स काढतो आहे, पण कोऱ्या कागदावर "मूळ प्रतीप्रमाणे खरी" असं लिहून सही करायची वेळ त्याच दिवशी आली.

कागद पिशवीत घालून ते बाहेर पडले. जीपवाल्यानं सवयीनं दार उघडलं. मिस्त्री त्याच्यासमोरून पुढं गेले आणि विजेच्या बसच्या पायरीवर पाय ठेवला. तिथं थांबले. पेचकसाची मूठ कानाला, टोक दाराच्या पत्र्याला. थांब्यावरची सगळी माणसं बघत होती. मिस्त्रींनी डोळे उघडले आणि आत जाऊन खिडकीशी बसले. त्यांच्यामागं भाजीच्या टोपल्या घेऊन दोघी बाया चढल्या. मग त्यांच्यामागं आणखी. त्या दोन बसा अजून आमच्याच मार्गावर आहेत, आणि प्रणालीही अजून घरीच जेवते.

दुपारी परतीची बस आली तेव्हा मी मुद्दाम दुकानाच्या दारात उभा होतो. आधी मिस्त्री उतरले. मग त्यांनी हात देऊन वहिनींना उतरवलं. पत्र्याची पेटी आधीच खाली ठेवलेली, वहिनींच्या काखेत डाळीचं गाठोडं. वहिनी जमिनीवर नीट टेकल्या आहेत याची खात्री झाल्यावर मिस्त्री त्यांना तिथंच सोडून तडक बसच्या मागं गेले आणि वाकले.

"काय शोधता?" वहिनींनी विचारलं.

"धूर."

"सापडला?"

"नाई." ते उठले. गुडघे झटकले. "उद्या पुना पायतो."

"पाहा. पन आता घरी चला."

मिस्त्रींनी पेटी उचलली. भिंतीला लागून घराकडं जाणारी वाट, जिथं पूर्वी गाड्या घरघरत उभ्या असायच्या, तिथं आल्यावर मिस्त्रींनी खिशातून तो पांढरा रुमाल काढला आणि चालता चालता वहिनींच्या नाकावर धरला. धूर कुठंच नव्हता. वहिनींनाही ते दिसत होतं. पण त्यांनी रुमाल बाजूला केला नाही. घर येईपर्यंत तशाच चालत राहिल्या.